वाचकांचे प्रश्न : निर्बंधांनी मानवी हक्क मिळतात का?

प्रश्न : एखाद्या सरकारने मानवी हक्क पायदळी तुडवले की इतर देश त्यावर निर्बंध लादतात, पण त्यात भरडली जाते ती तेथील गरीब जनताच. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील वर्णद्वेषी राजवट निर्बंधांमुळे गेली की देशातल्या लढ्यामुळे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : देशातला लढा नसता, तर बाहेरच्या निर्बंधांना काहीच अर्थ उरला नसता, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र या निर्बंधांची मागणी लढणाऱ्यांनीच केली होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये आपल्याच देशाच्या मालावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. त्याची झळ कृष्णवर्णीयांनाही बसेल, हे त्यांनी लपवले नाही. रक्तपाताचे दिवस त्यामुळे कमी होणार असतील, तर ती किंमत मोजायची तयारी आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ‘गरिबांचे हाल होतील’ हा आक्षेप घेण्यात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आघाडीवर राहिले. हाल कोणाचे होणार आणि त्याविषयी बोलतो कोण, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

निर्बंधांचा परिणाम दिसायला मात्र फार वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९६३ मध्ये घातलेली शस्त्रबंदी ऐच्छिक होती. ती बंधनकारक झाली १९७७ मध्ये. तोपर्यंत त्या सरकारने स्वतःचे शस्त्रकारखाने उभे केले होते, आणि तेलाची कोंडी होईल या भीतीने कोळशापासून इंधन तयार करण्यावर प्रचंड पैसा ओतला जात होता. सरकार खऱ्या अर्थाने कचाट्यात सापडले ते १९८५ मध्ये. देशाच्या परकीय कर्जाचा मोठा हिस्सा अल्प मुदतीचा होता आणि बँका दरवेळी मुदत वाढवून देतील, या भरवशावर सारा कारभार चालला होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये उठाव पेटला, जुलैमध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि चेस मॅनहॅटन बँकेने मुदतवाढ नाकारली; पाठोपाठ इतर बँकांनीही हात आखडता घेतला. तेथील चलन रँड कोसळले, शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि सप्टेंबरमध्ये सरकारने कर्जफेडच थांबवली. बँकांना नैतिकतेचा पुळका आला नव्हता. त्यांना पैसे बुडण्याची धास्ती होती आणि ती धास्ती रस्त्यावरच्या लढ्याने निर्माण केली होती. त्यामुळे ‘लढा की निर्बंध’ अशी विभागणी येथे करताच येत नाही.

मुत्सद्देगिरीचाही प्रयत्न झाला. राष्ट्रकुलाने १९८६ मध्ये मान्यवरांचा एक गट पाठवला; भारताचे सरदार स्वर्णसिंग त्यात होते. गटाची बोलणी चालू असतानाच १९ मे रोजी दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने बोट्स्वाना, झांबिया आणि झिंबाब्वे या शेजारी देशांवर हल्ले केले आणि तो प्रयत्न फसला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. या कायद्याची सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे निर्बंध कधी उठतील, हे त्यातच लिहिले होते : नेल्सन मंडेला व इतर राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणीचा शेवट, पक्षांवरील बंदी उठवणे, वंशानुसार नोंदणीचे व वस्त्यांचे कायदे रद्द करणे आणि बहुसंख्याकांच्या खऱ्या प्रतिनिधींशी वाटाघाटी. नेमके काय केले म्हणजे सुटका होईल, हे कळले नाही तर कोणतेही सरकार हटवादीच होत जाते. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लर्क यांनी उचललेली पावले या यादीशी बरीच जुळतात. अर्थात शीतयुद्ध संपल्याने साम्यवादाची भीती दाखवण्याची सोयही तोवर उरली नव्हती.

तुमची शंका खरी ठरली ती इराकमध्ये. १९९० नंतरच्या सरसकट निर्बंधांनी तेथे सामान्य माणूस खचला, रेशन सरकारच्या हाती राहिल्याने सद्दाम हुसेन यांची पकड उलट घट्ट झाली आणि तेथील संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निषेध म्हणून पद सोडले.

प्रश्न : भारतानेही दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार टाकला होता. त्यातून आपल्या व्यापाराच्या नुकसानीखेरीज काय साधले?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नुकसान झाले, हे खरेच आहे. १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने व्यापार तोडला, तेव्हा आपल्या निर्यातीचा ५ टक्क्यांहून अधिक भाग त्या देशात जात होता. तेथील भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वास्तव्यावर बंधने घालणारा कायदा हे त्याचे तात्कालिक कारण होते. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ हे उत्तर तेथे चालले नाही, आणि मला तेच मोठे यश वाटते, कारण पुढची सारी चर्चा त्या पायावर उभी राहिली. १९७४ मध्ये डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला नाही आणि करंडक न खेळताच त्या देशाला मिळाला.

अमेरिकेने १९९१ मध्येच बहुतेक निर्बंध उठवले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ती घाई वाटली. भारताने त्या वर्षी क्रिकेट सुरू केले, पण व्यापार आणि राजनैतिक संबंध १९९३ मध्ये, मंडेलांनी संयुक्त राष्ट्रांत आर्थिक निर्बंध उठवण्याचे आवाहन केले त्या वर्षी, पूर्ववत केले.