बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना वाटेत नैसर्गिक झरा कुठे आहे? पाणी पिता येतं का?

कणकुंबीला थांबा. जांबोटीच्या पुढे, खानापूर तालुक्यातलं हे गाव हमरस्त्यालाच आहे. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात अडते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे त्या एवढ्याशा पाण्याकडे बघून पटत नाही! इथला जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी आत मुरतं आणि झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास जा. भर पावसात घाटात धुकं दाट असतं, गाडी चालवणाऱ्याचं लक्ष सगळं रस्त्यावरच. पाणी नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि कुंडात पाय धुऊ नका, देवस्थान आहे ते.