शेवट ठाऊक असूनही उत्कंठा कशी टिकते?

प्रश्न : युवक महोत्सवासाठी सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’चा पाऊण तासाचा प्रयोग बसवतोय. बापाला मारून आईशी लग्न केलेला माणूस राजा स्वतःच, हे सगळ्यांना आधीच ठाऊक. तालमीत उत्तरार्ध ढिला पडतो. उत्कंठा आणायची कुठून?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अथेन्सच्या प्रेक्षकांनाही गोष्ट ठाऊकच होती. म्हणून सोफोक्लीसने ‘खुनी कोण’ यावर भिस्त ठेवलीच नाही. ‘याला कधी कळणार, आणि त्याच्याआधी कुणाला’ यावर नाटक उभं केलं. संहितेच्या समासात प्रत्येक प्रवेशापाशी लिहा, या क्षणी कुणाला किती माहीत आहे. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियसला सगळं, राणी योकास्टाला (ईडिपसची बायको आणि आईही) अर्धं, ईडिपसला काहीच नाही.

भविष्यवाणी खोटी ठरते हे पटवायला योकास्टा सांगते, माझ्या पहिल्या नवऱ्याला, लायसला मुलाच्या हातून मरण आहे असं भाकीत होतं, पण त्याला लुटारूंनी तीन वाटा मिळतात तिथं मारलं. ती धीर द्यायला बोलते आणि ‘तीन वाटा’ ऐकूनच ईडिपस हादरतो, कारण तशाच जागी त्यानं एकाला मारलेलं असतं. तिथं अभिनेत्री हमखास जोर देते आणि जागा वाया जाते. तिनं सहज बोलून पुढं जावं. थांबायचं त्यानं.

कोरिंथचा दूत येतो, तो ईडिपसची (आपण आईशी लग्न करू ही) भीती घालवायला म्हणूनच ‘तू पॉलिबसचा, तुला वाढवणाऱ्या कोरिंथच्या राजाचा, मुलगा नाहीस’ असं सांगून टाकतो. मग दोघं घोट्यांच्या जखमांबद्दल, तान्हा ईडिपस दूताच्या हाती देणाऱ्या मेंढपाळाबद्दल बोलत राहतात. योकास्टाला तेव्हा एकही ओळ नाही, पण तिला सगळं उमगतं. तुमचा उत्तरार्ध बहुधा इथंच सांडतोय. तिला कोपऱ्यात उभी करू नका. तोंड प्रेक्षकांकडे, उजेड तिच्यावर. बोलणं दोघांचं, नाटक तिच्या चेहऱ्यावर.

मेंढपाळ येण्याआधी कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा समूह, आशेनं गातो, राजा एखाद्या देवाचाच मुलगा असेल! वेळ वाचवायला हे गाणं कापतात, मग कोसळायला उंचीच उरत नाही. दीड मिनिट द्याच. आपल्याकडच्या गोंधळाच्या चालीवर बसवा; संबळ चढवत न्या, मेंढपाळ दिसताच तोडा. पुढचे सवाल-जवाब एकेका ओळीचे आहेत, त्यात पॉज नकोत. लायसच्या खुनाचा साक्षीदारही हाच मेंढपाळ; लुटारू एक होता की अनेक, हे विचारायला त्याला बोलावलेलं असतं आणि तो प्रश्न कुणी विचारतच नाही. सोफोक्लीसची खरी ताकद मला इथं दिसते.

डोळे फोडणं रंगमंचावर आणू नका. योकास्टाच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या काट्यांनी राजानं ते कसे फोडले, हे मुळातही आतून आलेला सेवक सांगतो. त्याला घाई करू देऊ नका. तीन मिनिटं पूर्ण त्याची.