सड्यावरची सकाळ, भरतीचे कुरव आणि बोटीवरचे आजोबा

प्रश्न : कशेळीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कातळशिल्पं पाहायला गेलो होतो. कोरलेला हत्ती डोळ्यांना नीट दिसत होता, फोटोत मात्र नुसता जांभा आला. सोबत एक फोटो पाठवतो आहे. कॅमेरा चांगला आहे, मग अडलं कुठे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या फोटोत तुमची सावली पायाशी गोळा झालेली दिसते, म्हणजे तुम्ही बाराच्या सुमारास पोचलात. अडलं ते तिथेच. कातळात कोरलेली रेष फार खोल नसते. ऊन डोक्यावर असलं की ते तळापर्यंत पोचतं, सावली उरत नाही आणि रेष दगडात विरून जाते. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा मावळतीआधीचा शेवटचा, या दोनच वेळा धरा. तिरप्या उन्हात रेषेचा एक काठ उजळतो आणि दुसरा काळा पडतो. सूर्य पाठीशी न घेता डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. लहान आकृती असेल तर संधिप्रकाशात विजेरी जमिनीलगत आडवी धरूनही रेष उठते.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, उभ्याने तो एका चौकटीत मावायचा नाही. मोबाइल लांब बांबूला घट्ट बांधा, टायमर लावा आणि वरून घ्या. मग त्याच्या पोटात कोरलेले लहान प्राणी एकेक करून टिपा. मला स्वतःला संपूर्ण हत्तीपेक्षा त्यांचंच वेड जास्त आहे. प्रत्येक आकृतीशेजारी, तिला न लागता, मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या आणि तारीख, वेळ, उत्तर दिशा वहीत लिहून ठेवा. पुढे रेषा झिजल्या तर कुठे किती झिजल्या हे अशाच फोटोंवरून कळेल.

एक विनवणी आहे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव कळवळतो. जांभा सच्छिद्र असतो. पूड त्यात मुरते आणि घासून काढू गेलं की दगडही निघतो. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, तरी सड्यावर त्यांची राखण शेवटी गावकरी आणि येणारे-जाणारेच करणार. चित्रावर पाय देऊ नका. आणि दगड उलथू नका, आपल्या सड्यांवर फुरशी, म्हणजे विषारी साप, असतात.

प्रश्न : मी नववीत आहे. थंडीत आमच्या किनाऱ्यावर कुरव येतात. बाबांच्या मोबाइलवर ते ठिपक्यांएवढे दिसतात, जवळ गेलं की उडतात. दादा म्हणतो, मोठी लेन्स घेतल्याशिवाय काही होणार नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दादाला सांग, लेन्सआधी पंचांग उघड. आपल्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. थोडं मागेपुढे होतं एवढंच.

भरती चढू लागली की ओली वाळू पाण्याखाली जाते आणि कुरव, तुतवार, चिखले सगळे वर कोरड्या पुळणीकडे सरकतात. तू पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी जाऊन बस. उभी राहू नकोस, हातवारे करू नकोस. पक्षी तुझ्याकडे येतील, तू त्यांच्याकडे जायचं नाहीस. दुपारनंतर ऊन आणि वारा दोन्ही समुद्राकडून येतात, म्हणून पाण्याकडे तोंड न करता किनाऱ्याला समांतर बघत बस. बसलेले कुरव वाऱ्याकडे तोंड करतात आणि उडतानाही वाऱ्याकडेच तोंड करून उठतात, त्यामुळे ते कोणत्या बाजूला झेपावणार हे तुला आधीच कळेल. बोटांनी झूम करू नकोस, हवी तर चौकट नंतर काप.

थव्यात धावत जाऊन सगळे एकदम उडवण्याचा खेळ मात्र कुणाला करू देऊ नकोस. ती लांबून आलेली पाखरं आहेत, विसावायला बसतात. उगाच उडवलं की त्यांचं खाल्लेलं अंगी लागत नाही.

प्रश्न : मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं पाहायला जाणार आहोत. पहाटे उजेड कमी असतो, मग फ्लॅश वापरला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, अजिबात नाही. पिल्लू उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे चालतं. तुमच्या उजेडाने ते भरकटतं. विजेरीही नको, मोबाइलच्या पडद्याचा उजेड कमी करा आणि दोरीच्या बाहेर राहा. पिल्लू थोडं धूसर आलं तरी चालेल. एक फोटो दोरीपाशी उभ्या असलेल्या पोरांच्या चेहऱ्यांचा घ्या. २००२ पासून गावाने आणि सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांच्या राखणीचं जे काम उभं केलं, ते त्या चेहऱ्यांवर दिसतं.

प्रश्न : आजोबांचा एक फोटो सापडला. बंदरात पडावात उभे आहेत, मागे बोट आहे. तारीख नाही, बंदर कोणतं तेही ठाऊक नाही. फोटो काचेला चिकटला आहे. काय करू?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आधी काच सोडवू नका. ओढलंत तर चेहराच काचेवर राहील. चौकटीसकट खिडकीपाशी न्या. ऊन थेट नको, बाजूचा मऊ उजेड हवा. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा. काचेत तुमचं प्रतिबिंब येत असेल तर मोबाइलभोवती काळं कापड धरा.

मग बारकाईने बघायला बसा. रस्ते नव्हते तेव्हा मुंबईची बोट किनाऱ्याने हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत जायची. बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसं पडावातून ये-जा करत. मागे डोंगर, तटबंदी, दीपगृह काही दिसतंय का? तसं असेल तर त्याच जागी जाऊन आजचा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा, बंदर बहुधा तिथेच ओळखू येईल. फोटोच्या कडा दातेरी कातरलेल्या असतील तर तो साधारण १९४० ते १९६० च्या दरम्यानचा धरायला हरकत नाही. पाठीमागे किंवा पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असेल, तर तोही टिपून घ्या.

आणि बंदर शोधायला निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवा. प्रत मोठी करून, बिनचष्म्याने दिसेल एवढी. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये तोडू नका. त्यांनी सांगितलेली नावं डावीकडून उजवीकडे प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहा, शाईने नको. नाव पक्कं नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, पण जागा रिकामी सोडू नका.

मूळ फोटो मला टपालाने पाठवू नका. मोबाइलवर काढलेली दोन्ही बाजूंची प्रत पुरेल, बंदर ओळखायचा प्रयत्न मीही करते.