ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंचा गट. हे देश डॉलर सोडून आपापल्या चलनात व्यापार का करत नाहीत? त्यांची मैत्री खरी की नुसती फोटोपुरती?

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पिंपळगाव बसवंतला खत-औषधांचं दुकान आहे.

मागे एका बागाईतदाराने थकलेल्या बाकीपोटी दोन क्विंटल बेदाणे आणून टाकले. "अण्णा, यंदा एवढंच आहे, घ्या." घेतले. पाच-दहा किलो घरात लागले, थोडे पाव्हण्यारावळ्यांत वाटले. उरलेल्याचं करू काय? खत कंपनी माझ्याकडून बेदाणे थोडीच घेणार!

रशियाचं आपल्या रुपयांबाबत तेच झालं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर आपण त्यांचं तेल भरमसाट घ्यायला लागलो, आणि जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयातल्या व्यवहाराला वाट करून दिली. पण विकतो किती? २०२४-२५ मध्ये खरेदी सुमारे ६४ अब्ज डॉलरची, विक्री ५ अब्जांच्याही आत. आपली द्राक्षं जातात तिकडे, पण खाऊन खाऊन किती खातील! मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात सांगून गेले, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत, वापरता येत नाहीत.

चीनशी उलटी अडचण. २०२४-२५ मध्येच घेतलं ११३ अब्ज डॉलरचं, विकलं १४ अब्जांचं. युआनमध्ये, म्हणजे चीनच्या चलनात द्यायचं तर युआन आणायचे डॉलर मोडूनच. रशिया-चीनचं मात्र रुबल-युआनमध्ये जमतं. तेल-वायू एकीकडे, गाड्या-यंत्रं दुसरीकडे, हिशेब बराचसा फिटतो.

आता मैत्रीचं. जून २०२५, द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायचे दिवस. झिरो बावन्न चौतीस हे पाण्यात विरघळणारं खत मागायला रोज माणसं दारात, आणि माझ्या गोदामात तळाच्या चार गोण्या. चीनने अशी विद्राव्य खतं अडवली होती. बंदीचा आदेश वगैरे काही नाही, भारताकडे येणाऱ्या मालाची तपासणीच करायची नाही, झालं काम.

आपणही काही कमी नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. आपला कांदा घेणारी संयुक्त अरब अमिराती (यूएई) पुढच्याच महिन्यात ब्रिक्समध्ये आली, तरी बंदी कायम. इकडे लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर आमचा लाल कांदा मिळेल त्या भावात विकून संपला होता.