वडील दिवसभर मोबाईलवर बातम्या बघून चिडचिड करतात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, निवृत्तीनंतर सकाळपासून यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपवर बातम्या बघतात, जेवायच्या ताटावरही वाद घालतात. त्यांच्या फोनमधून अॅप काढून टाकू का, आणि मोबाईल खरंच आपलं बोलणं ऐकतो का, असं तुम्ही विचारलंय.

अॅप काढू नका. चार दिवसांत शेजारच्या पोराकडून ते पुन्हा टाकून घेतील, आणि तुमच्याशी बोलणं मात्र तुटेल. मी २२ वर्षं नाशिकला सिडकोत पेपरची लाईन चालवतोय. तुमच्या वडिलांच्या वयाची माणसं माझं निम्मं गिऱ्हाईक, त्यामुळे हा प्रश्न मला रोज दारोदारी भेटतो.

पहाटे चारला बंद शटरसमोर आमचे गठ्ठे सुटतात. मुख्य अंकात पुरवणी भरायची, मध्ये एखादं हँडबिल सरकवायचं, पिशव्या सायकलला अडकवायच्या आणि सहा-साडेसहाच्या आत लाईन उरकायची. पेपरवाल्याला प्रत्येक घराची एक गोष्ट माहीत असते: तिथे काय वाचतात. माझ्या वहीत नाव, घर नंबर आणि पुढे गावकरी, देशदूत, लोकमत, सकाळ, जे असेल ते लिहिलेलं असतं. एवढंच. कोण पहिल्या पानावर रेंगाळलं, कोणाला कोणत्या मथळ्यावर राग आला, कोणी निधनवार्ता दोनदा वाचली, हे मला कधी कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. फोनमधल्या अॅपला नेमकं तेच कळतं. अंगठा कुठे थांबला, व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडला, काय पुढे पाठवलं. ती त्याची वही, आणि तिच्यावरून ते पुढचं पान छापतं, फक्त एका माणसासाठी.

हे मला समजलं ते एका काकांमुळे. अंबड एमआयडीसीतून निवृत्त झालेले, माझं फार जुनं गिऱ्हाईक. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पेपर टाकणं बंद पडलं, तेव्हा सुटलेली बरीच घरं परत आली नाहीत, त्यात हे काका. जुनं बिल घ्यायला गेलो तर म्हणाले, "आता काय करू पेपर घेऊन? सगळं इथेच येतं." आणि त्यांनी फोन पुढे केला. मी माझाही काढला. दोघांनी आपापलं यूट्यूब उघडलं आणि फोन बदलले. ओट्यावर बसून दहा मिनिटं मी त्यांचं बघत होतो, ते माझं.

त्यांच्या पडद्यावर एकाखाली एक मथळे: खळबळ, धक्कादायक, पर्दाफाश, लाल बाण, ओरडणारे चेहरे. माझ्या पडद्यावर क्रिकेट, एक कीर्तन, द्राक्षाच्या छाटणीचे दोन व्हिडिओ, कारण सासुरवाडी निफाड तालुक्यात. शहर तेच, दिवस तोच, गल्लीसुद्धा तीच. काका बराच वेळ माझा फोन वरखाली करत राहिले आणि म्हणाले, "तुला हे काहीच दाखवत नाहीत?" त्यांना मनापासून वाटत होतं की जे आपल्याला दिसतंय ते सगळ्या गावाला दिसतंय आणि तरी लोक गप्प बसलेत. त्यांची अर्धी चिडचिड तिथून येत होती. तुमच्या वडिलांचंही असंच असण्याची शक्यता मला खूप वाटते.

यात काकांच्या स्वभावाचा दोष नाही. यूट्यूबने २०१२मध्ये व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. २०१८च्या सुरुवातीला कंपनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं होतं की लोक यूट्यूबवर घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ अॅपने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे माणूस शोधायला एक गोष्ट जातो आणि बाकीचं पान त्याच्यासाठी कोणीतरी लावून ठेवलेलं असतं. फेसबुकचं तर याहून वाईट. २०१७पासून काही काळ तिथे रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. कंपनीची आतली कागदपत्रं २०२१मध्ये बाहेर आली तेव्हा हे उघड झालं. पुढे ते वजन शून्यावर आणलं, पण तोवर राग आणणारी पोस्ट वर चढते हे लिहिणाऱ्यांना पाठ झालं होतं.

व्हॉट्सअॅपची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणता मेसेज आपल्या पुढ्यात यावा हे आपली माणसं ठरवतात, म्हणून तो जास्त खरा वाटतो. १ जुलै २०१८ आम्ही या भागातली माणसं विसरू शकत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या अफवेवरून मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात मालेगावला एका कुटुंबावर असाच जमाव चालून गेला होता, पोलिसांमुळे ती माणसं वाचली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. खूपदा फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, आणि २०२०च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. वडिलांना तो बाण आवर्जून दाखवा. याचा अर्थ पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेलं नाही, ते बऱ्याच हातांतून फिरत आलंय.

मागच्या पावसाळ्यात काकांनी मलाच एक व्हिडिओ पाठवला: गोदावरीचं पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या डोक्यावरून चाललंय. नाशिककर पूर मारुतीवरच मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, असं. डोक्यावरून म्हटल्यावर पोटात गोळा आला. आत्या पंचवटीत राहते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, गुडघ्याएवढंय, मी आत्ताच बघून आले." व्हिडिओ खोटा नव्हता, जुना होता. ४ ऑगस्ट २०१९ला मारुती खरंच बुडाला होता, आणि ते चित्रण दरवर्षी नव्याने फिरतं. खोट्या बातम्यांबद्दल सगळे बोलतात, पण मला रोज भेटतात त्या अशा, खऱ्या पण भलत्या दिवशीच्या.

आणि बातमी देणारा प्रामाणिक असला तरी घोटाळा होतो. ८ डिसेंबर २०२३पासून कांद्याची निर्यातबंदी होती. फेब्रुवारी २०२४मध्ये ती उठल्याच्या बातम्या चांगल्या चांगल्या ठिकाणी आल्या. लासलगावला भाव चढला. माझ्या मेहुण्याचा रांगडा कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता, अजून वाढेल म्हणून त्याने तो थांबवला. २० फेब्रुवारीला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे. बंदी उठल्याचा मेसेज मेहुण्याकडे सात-आठ ग्रुपांतून आला होता, हा खुलासा एकातूनही आला नाही. ट्रॅक्टर नेला तेव्हा तो भाव राहिला नव्हता. बंदी प्रत्यक्षात उठली ४ मे रोजी. पेपरही चुकतात, त्यांच्यावर जाहिरातदारांचं वजन असतं, हे मी त्यांच्यावर पोट असूनही कबूल करतो. पण काल चुकीची बातमी ज्या दारात पडली, त्याच दारात मी आज दुरुस्ती टाकतो. फोनमध्ये दुरुस्ती तशी मागोमाग येत नाही, कारण तिच्यावर कोणी थांबत नाही आणि ती कोणी पुढे पाठवत नाही.

आता बोलणं ऐकण्याबद्दल. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून बोलणं पाठवल्याचं त्यांना आढळलं नाही. काही अॅप पडद्यावर आपण काय करतो याचं चित्रण मात्र बाहेर पाठवत होती. आपण घरात वॉटर प्युरिफायरबद्दल बोलतो आणि संध्याकाळी जाहिरात दिसते, त्याला बहुतेक वेळा साधी कारणं असतात: घरातल्याच कोणीतरी त्याच वायफायवर ते शोधलेलं असतं, किंवा दुकानात आपला नंबर दिलेला असतो. व्हॉट्सअॅपचा मजकूर २०१६पासून कुलूपबंद आहे, पण कोण कोणाशी, कधी बोललं ही माहिती कंपनीकडे राहते. २०२१च्या त्यांच्या धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींहून जास्त दंड ठोठावला, त्यात मुद्दा व्हॉट्सअॅपवरची माहिती मेटाच्याच इतर कंपन्यांना वापरू देण्याचा होता. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये सांगितलंय, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झालाय. वडिलांना हे सांगा. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं ते म्हणतील, सगळेच काका म्हणतात. त्यांना विचारा, बँकेचं पासबुक ओट्यावर उघडं ठेवाल का.

फोनमधली कामं अर्ध्या तासाची आहेत. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसा आणि थांबवा, पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं, मग काय बघायचं ते स्वतः शोधावं लागतं. व्हॉट्सअॅपमध्ये अनोळखी माणूस ग्रुपात घालू शकणार नाही असं सेटिंग करा. गरज नसलेल्या अॅपची माइक आणि लोकेशनची परवानगी काढा. पण हे सगळं त्यांच्या हातात फोन ठेवून, त्यांना विचारून करा. ते झोपले असताना करू नका.

त्याआधी फोन बदलून बसा. दहा मिनिटं तुम्ही त्यांचं बघा, ते तुमचं बघू द्या, मध्ये काही समजावू नका. तुमच्याही पडद्यावर काय काय लावून ठेवलंय ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल, मला मिळालं.

काकांनी पेपर पुन्हा सुरू केलेला नाही. तरी बिलाची फेरी असली की मी त्यांच्या ओट्यावर थांबतो. ते चष्मा पुसतात, हात पुढे करतात आणि म्हणतात, "दे तुझा."