डबकं आटायला लागलं की बेडूकमाशांना घाई का होते?

तुम्ही विचारलंय की डबक्यातलं पाणी कमी व्हायला लागलं की बेडूकमासे लवकर बेडूक होतात हे खरं का, पाणी संपत चाललंय हे त्यांना कळतं कसं, आणि असं असेल तर आटलेल्या डबक्यात मेलेल्या बेडूकमाशांचा खच का दिसतो.

खरं आहे, पण सगळ्या जातींना हे जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनाही ते स्वस्तात पडत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ‘कळतं कसं’ ते बघू. पाणी आटताना एकाच वेळी बरंच काही बदलतं. पाणी तापतं, त्यातली घाण दाट होते, गर्दी वाढते, खाणं अपुरं पडतं. यातली नेमकी कुठली गोष्ट बेडूकमाशाला जाणवते? रॉबर्ट डेन्व्हर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्पेडफूट भेकांच्या (मागच्या पायावर माती उकरायला फावड्यासारखा कठीण भाग असलेल्या बेडकांच्या) पिल्लांवर याचे प्रयोग केले. ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. टाकीतलं पाणी हळूहळू उतरवलं की पिल्लांची वाढ वेग घ्यायची. पाण्याचं तापमान किंवा त्यात साठणारी द्रव्यं हे त्याचं कारण दिसलं नाही. पोहायला जागा कमी उरणं आणि कदाचित पाण्याचा पृष्ठभाग सतत अंगाजवळ असणं, यावरून त्यांना अंदाज येत असावा असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ‘डबकं आटतंय’ हे त्यांना आपल्यासारखं समजत नाही, त्यांचं शरीर अडचणीच्या जागेला प्रतिसाद देतं.

हा प्रतिसाद मेंदूतून सुरू होतो. ताण आला की मेंदू सीआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो. माणसातही ते असतं, आणि आपल्यात त्याचं मुख्य काम ताणाशी निगडित आहे. बेडूकमाशात मात्र ते दुहेरी काम करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीमार्फत ते एकीकडे कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हॉर्मोन वाढवतं आणि दुसरीकडे थायरॉइडलाही कामाला लावतं. थायरॉइड हेच रूपांतरणाचं, म्हणजे बेडूकमाशाचा बेडूक होण्याचं, मुख्य बटण. १९१२ मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खायला घातले, तर ते वेळेआधीच बदलून इवलेइवले बेडूक झाले. यात कॉर्टिकोस्टेरॉनचा वाटा असा, की त्याच्यामुळे पेशींमधलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन, जास्त प्रभावी रूपात बदलतं. दोन्ही हॉर्मोन एकत्र आली की काम भराभर होतं. (जाता जाता: माणसाच्या वारेतही सीआरएच तयार होतं आणि प्रसूतीच्या वेळेशी त्याचा संबंध जोडला जातो. मला हे साम्य फार आवडतं, पण तो विषय वेगळा.)

अर्थात हे बटण कधीही दाबून चालत नाही. विल्बर आणि कॉलिन्स या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार आजही पायाभूत मानला जातो. रूपांतरणासाठी एक किमान आकार लागतो. तो गाठेपर्यंत काहीही झालं तरी सुटका नाही. तो गाठल्यावर पाणी आणि खाणं चांगलं असेल तर थांबून आणखी वाढायचं, परिस्थिती बिघडली तर निघायचं. मला वाटतं, लोक या सगळ्यातल्या घाईचंच कौतुक जास्त करतात. खरी कमाल या थांबण्यात आहे. भरल्या डबक्यातला बेडूकमासा तयार असूनही ब्रेकवर पाय ठेवून असतो, कारण मोठा होऊन बाहेर पडलेला बेडूक जास्त तगतो.

रूपांतरणाचा शेवटचा टप्पा जवळून बघण्यासारखा असतो. मागचे पाय आधीपासून दिसत असतात, पण पुढचे पाय कातडीखाली लपून तयार होतात आणि एके दिवशी कोपर बाहेर काढतात. त्यानंतर मागे फिरणं नाही. शेवाळ खरवडणारं बारकं तोंड मोडून रुंद जबडा होतो, पोटातलं लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखूड होतं, आणि हे चालू असताना खाणं बंद. शेपूट आतल्या आत विरघळते आणि तीच शिदोरी ठरते. या काही दिवसांत प्राणी ना धड पोहू शकत ना धड उड्या मारू शकत, त्यामुळे सापांना आयता सापडतो.

घाईची किंमत अशी की बाहेर पडणारं पिल्लू लहान असतं, त्याच्या अंगात चरबी कमी असते आणि मागचे पाय शरीराच्या मानाने आखूड राहतात. स्पेनमधल्या स्पेडफूट जातीवर इव्हान गोमेझ-मेस्त्रे यांच्या गटाने केलेल्या कामात असंही दिसलं की घाईत वाढलेल्या पिल्लांचा चयापचय वाढतो आणि पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण पडतो, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंचा त्यांना त्रास होतो.

स्पेडफूट भेकांमध्येच एक गंमत आहे. युरोपातल्या जातींचे बेडूकमासे दहा सेंटिमीटरच्या पुढे वाढतात, कित्येक महिने पाण्यात काढतात आणि गरज पडली तर वेग वाढवतात. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला काउचचा स्पेडफूट मात्र आठवड्याभरात, साधारण आठ दिवसांत, पाण्याबाहेर पडू शकतो. तो परिस्थिती बघून घाई करत नाही, त्याची घाई कायमचीच आहे. त्याच्या शरीरात ताणाचं आणि थायरॉइडचं ही हॉर्मोन मुळातच जास्त असतात, आणि पाणी कमी झालं म्हणून त्याचा वेग फारसा बदलत नाही. त्याचे पायही आखूडच. युरोपातल्या पिल्लात संकटापुरता दिसणारा बदल इथे कायमचा झालेला दिसतो. वाळवंटात थांबून बघण्याची चैन परवडत नाही, त्यामुळे ती सोय हळूहळू गेली असावी.

आता मेलेल्या पिल्लांबद्दल. किमान आकार गाठण्याआधीच पाणी संपलं तर कुठलंही हॉर्मोन कामाचं नाही. उशिरा घातलेल्या अंड्यांतली पिल्लं बहुतेक अशीच जातात. शिवाय कायम पाणी असलेल्या तळ्यांत राहणाऱ्या काही जातींना सावकाशीच ठाऊक. अमेरिकन बुलफ्रॉगचे बेडूकमासे थंड भागात एक-दोन वर्षंसुद्धा पाण्यात काढतात, त्यांना आटणारं डबकं झेपणारच नाही. आफ्रिकन बुलफ्रॉगची गोष्ट मात्र निराळी. तिथे नर पिल्लांवर लक्ष ठेवून असतो, आणि डबकं आटायला लागलं तर मागच्या पायांनी चिखलात चर खणून शेजारच्या मोठ्या पाण्यापर्यंत वाट करून देतो.