कोल्हापुरात राहतो, एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मालवणजवळच्या खाडीत भरतीचं पाणी कुठवर चढेल ते काढायचं आहे. आठ जीबीच्या लॅपटॉपवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर कोणतं आणि ते कसं बसवायचं?

स्फिंक्स (SFINCS) घ्या, पाणी जमिनीवर कुठवर पसरेल ते काढणारं मॉडेल. डेल्टारेस या डच संस्थेचं आहे, मुक्त स्रोत आहे, आणि एका खाडीएवढा भाग तुमच्या लॅपटॉपवर चालेल. विंडोजसाठी तयार फाइल मिळते, लिनक्सवर डॉकरमधून, म्हणजे तयार डब्यात बंद केलेली प्रत, चालवा. मॉडेलच्या फायली हाताने लिहीत बसू नका. पायथनची पॅकेजेस बसवणारं मिनीफोर्ज टाका आणि त्यात हायड्रोएमटी-स्फिंक्ससाठी, म्हणजे या फायली आपोआप तयार करणाऱ्या पॅकेजसाठी, वेगळं एन्व्हायर्नमेंट (स्वतंत्र कप्पा) करा. पुढे नुकसानीचा हिशोब क्लिमाडा या दुसऱ्या पॅकेजात करणार असाल तर त्याला दुसरं एन्व्हायर्नमेंट द्या, एकाच ठिकाणी कोंबलं की लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. नकाशाचं प्रोजेक्शन (मीटरमधली मोजपद्धत) यूटीएम ४३ उत्तर. इथवरचं काम एका दुपारचं.

वेळ जातो तो उंचीच्या शून्यापायी. आपल्याकडे पावसाळ्यात शाळेतली पोरंही सांगतात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण हे फूट त्या पट्टीच्या शून्यापासूनचे, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. भरतीच्या तक्त्याचंही तेच. त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून धरतात. कोपर्निकसच्या ३० मीटर डीईएमची, म्हणजे उपग्रहावरून केलेल्या जमिनीच्या उंचीच्या नकाशाची, उंची असते ईजीएम २००८ जिऑइड या पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागावरची, जवळपास सरासरी समुद्रपातळीवरची. मी पहिल्या खेपेला तक्त्यातले आकडे तसेच मॉडेलच्या समुद्राकडच्या सीमेवर दिले आणि साध्या उधाणालाच नकाशावर अख्खी वाडी बुडाली. तो नकाशा घेऊन गेलो तेव्हा तिथल्या आजींनी खळ्याकडे बोट दाखवलं: इथं कधीच पाणी आलेलं नाही. दोन्ही शून्यांमधला फरक आधी वजा करा, मग पुढे जा.

दुसरं म्हणजे कोपर्निकसचा डीईएम माडाच्या शेंड्यांनाही जमीन समजतो. त्यातून झाडं आणि घरं काढलेला फॅबडेम अभ्यासासाठी मोफत आहे, तो वापरा. जेबको या जागतिक नकाशातली समुद्रतळाची खोली बाहेरच्या समुद्रासाठी ठीक, खाडीच्या आत ती फार ढोबळ पडते. तिथली खोली होडीवाल्यांना बरोबर घेऊन मोजा.

आणि खारबंधारे, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ न देणारे बांध! खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) कडेचा दोन-तीन मीटर रुंदीचा बांध ३० मीटरच्या चौकटीत दिसतच नाही, आणि गावाची शेती तर त्याच्याच आधारावर उभी आहे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये त्याची रेघ ओढा, माथ्याची उंची घाला आणि स्फिंक्सला विअर (माथ्यावरूनच पाणी ओलांडू देणारा अडथळा) म्हणून द्या. हवामान बदलाचा खरा प्रश्नही इथेच विचारता येतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या सहाव्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जनाच्या वाटेवर २१०० पर्यंत समुद्रपातळीत ०.६३ ते १.०१ मीटर वाढ धरली आहे. ती सीमेवर मिळवा, बांध अर्धा मीटर उंच करून पुन्हा चालवा, आणि किती शेतं वाचतात ते मोजा.

त्याआधी एकदा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत तिथे जा. ऐन भरतीला बांधावर पाणी जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा, वेळ लिहून घ्या. पहिलं मॉडेल त्याच दिवसाचं चालवा.